लपवलेले कान



आपल्या मराठीत कानावरचे वाक्प्रचार किती आहेत बघा! कानाडोळा करणे, कानामागे टाकणे, कानांवर हात ठेवणे. गंमत म्हणजे हे सगळे धडधाकट कानांच्या माणसांबद्दल आहेत. ज्याला खरंच ऐकू येत नाही, त्याच्या वाट्याला येतं ते नाटकातलं हशा पिकवणारं म्हातारं पात्र. म्हणूनच की काय, बहिरेपणाचा इतिहास वाचायला घेतला की तो बराचसा लपवण्याचा इतिहास निघतो.

पोर्तुगालचा राजा जुआंव सहावा, म्हणजे तेव्हाच्या गोव्याचाही राजा, कानाने अधू होता. १८१९ साली लंडनच्या रेन नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी खास आसन बनवलं. त्याचे हात म्हणजे जबडा उघडलेले सिंह, आतून पोकळ. समोरच्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं, तो आवाज नळीतून राजाच्या कानाशी जायचा. राजाचं बहिरेपण झाकलं गेलं, गुडघे मात्र दुसऱ्यांचे टेकले!

त्याच काळातला संगीतकार बीथोवन. १८०२ साली भावांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपलं दुःख मांडलं होतं. मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला, हे चारचौघांत सांगता येत नाही म्हणून तो माणसांपासून दूर पळत होता. पुढे १८१८ च्या सुमारास त्याने भेटायला येणाऱ्यांपुढे वही ठेवायला सुरुवात केली. ते लिहीत, हा तोंडाने उत्तर देई. अशा शंभराहून अधिक वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. नववी सिंफनी १८२४ ची, म्हणजे या वह्यांच्या काळातलीच.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. उतारवयात विनोबांना फार कमी ऐकू येई. पवनारच्या आश्रमात येणारी माणसं आपला प्रश्न कागदावर लिहून दाखवत. पण म्हणून तिथली वर्दळ काही थांबली नाही. राजाला सिंहासन लागलं, विनोबांना कागद-पेन्सिल पुरली.

यंत्रंही सुधारत गेली. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचं श्रवणयंत्र बाजारात आलं आणि जड बॅटऱ्यांचं ओझं कमी होऊ लागलं. १९८३ साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. आता यंत्र कानामागे मावतं. पण यंत्र म्हणजे नवा कान नव्हे. म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा वेळी ओरडलं तर शब्द आणखीच फाटतो.

मी स्वतः गेली काही वर्षं यंत्र लावतो. आमच्या प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. इथे महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही. भोंगे, पिपाण्या, गर्दी! त्या गलक्यात यंत्र सगळंच मोठं करतं, म्हणून मी दुकानदाराला सरळ सांगतो, "बापू, कानानं कमी येते, बोटानं दाखव." तो हसून दाखवतो. यात्रेत तसे सगळेच बहिरे असतात म्हणा!

खरी पंचाईत होते ती घरात, लग्नकार्यात. आमच्या वयाची कितीतरी माणसं न ऐकताच मान डोलावतात, मग कोपऱ्यात बसतात आणि एक दिवस जायचंच सोडून देतात. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, एवढं करा. समोर येऊन, उजेडात, सावकाश बोला. एका वेळी एकानेच बोला. कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा वाक्य बदला. आणि "जाऊ द्या, काही नाही" एवढं मात्र म्हणू नका. सगळे हसत असताना विनोद काय झाला हे म्हाताऱ्यालाही कळायला हवं.

आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, सांगून टाका. चष्मा आपण कुठे लपवतो?