सरोवराकाठचे लाकडी चर्च

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. कुऱ्हाड चालवणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते. फिनलंडमधील पेतायावेसी गावाच्या जुन्या चर्चकडे आम्ही वळतो, ते याच कारणासाठी.

हा मुलूख अरण्यांचा आणि सरोवरांचा. अठराव्या शतकात तो स्वीडनच्या अमलाखाली होता. वस्त्या विखुरलेल्या, रस्ते नावापुरते. म्हणून चर्चसाठी पाण्याकाठची जागा निवडली गेली. उन्हाळ्यात लोक होड्यांतून येत, हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून. १७६३ ते १७६५ या काळात याको लेप्पानेन या कारागिराने हे ल्यूथरपंथीय चर्च उभारले. ओंडक्यांवर ओंडके रचून भिंती, समान भुजांच्या क्रुसासारखा आराखडा आणि मधोमध लाकडी घुमट. युरोपातील शहरांनी दगडात घडवलेली कल्पना या खेड्याने लाकडात उतरवली. १८२१ साली याकोचा नातू एर्की याने त्याला घंटाघर जोडले.

१८७९ मध्ये गावाने नवे चर्च बांधले आणि जुने ओस पडले. छप्पर जीर्ण होत गेले. मात्र या उपेक्षेनेच त्याचे मूळ रूप राखले. वापरातल्या इमारतीला नवा रंग लागतो, शेगडी बसते, खिडक्या बदलतात. इथे तसे काही झाले नाही. भिंतींवर कुऱ्हाडीचे घाव आजही दिसतात.

१९२० च्या दशकात ऑस्ट्रियातील कला-इतिहासकार योझेफ स्ट्रिगोव्स्की यांनी या वास्तूचे मोल जाणले आणि पुढे दुरुस्तीला चालना मिळाली. जॉर्डनमधील म्शत्ता या उमय्या काळातील महालाचा अभ्यास १९०४ मध्ये प्रसिद्ध करणारे तेच हे गृहस्थ. त्यांचे वंशवादी सिद्धान्त मुळीच स्वीकारण्यासारखे नाहीत. पण वाळवंटातला महाल आणि बर्फातले चर्च या दोहोंकडे त्यांची नजर गेली, हे खरे. १९९४ मध्ये युनेस्कोने या चर्चला जागतिक वारशात स्थान दिले. उन्हाळ्यात तिथे आजही प्रार्थना होतात, लग्ने लागतात.

मशीद असो, मंदिर असो वा चर्च, जुने पाडून नवे, झगमगीत बांधण्याची हौस सर्वांनाच असते. पेतायावेसीकरांनी नवे बांधले, पण जुने पाडले नाही. म्हणून एका खेडुत कारागिराचे आणि त्याच्या नातवाचे नाव आज आपण घेऊ शकतो. आपल्या गावची प्रार्थनास्थळे कोणी बांधली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?