काटा कोणाच्या हाती?

वऱ्हाडचा इतिहास लिहिणारे बहुधा १८५३ पासून सुरुवात करतात. त्या साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. काटेपूर्णेच्या काठच्या आमच्या घरात हा सन कोणाला ठाऊक नव्हता. आमच्या आबाजींचं पंचांग पऱ्हाटीवर चाले. "रेल आली तवा", "भाव पडला तवा", "सरकी महाग झालती तवा" असं ते सांगत. आता पुस्तकं वाचल्यावर दिसतं, की त्यांचं पंचांग बरोबरच होतं. वऱ्हाडचं राजकारण कापसाभोवतीच फिरत आलं आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असं करत नागपूरला पोचली. स्टेशनाजवळ जिन-प्रेस उभे राहिले. पुढे कापडाच्या गिरण्याही आल्या. अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल ही नावं आमच्याकडे तालुक्याच्या नावांसारखी घरोघरी माहीत होती.

आबाजी बंडी घेऊन अकोल्याला जात. संध्याकाळी निघायचं, रात्रभर बैल हाकायचे, उजाडता बाजारात पोचायचं. भाव ठरे तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत. यालाच हत्ता पद्धत म्हणत. माल ज्याचा, तो बाजूला उभा राहून नुसता पाहत असे. मग वजनात कडता कापायचा, हमाली, तोलाई, धर्मादाय कापायचा. एकदा गावी तोलून नेलेला कापूस एका व्यापाऱ्याच्या काट्यावर बराच कमी भरला. आबाजींनी विचारलं तर उत्तर आलं, "वाटनं वाळला असन." आबाजी हे हसत सांगत, पण शेवटी म्हणत, "काटा त्याचा, बोटं त्याची, वहीबी त्याचीच. आपलं काय, तं बैल!"

असल्या लुबाडणुकीला आळा घालायचे प्रयत्न मात्र याच मातीत आधी झाले. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये कारंज्याला सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा आला. पण बाजार चालवणाऱ्या समितीवर वर्चस्व राहिलं ते व्यापाऱ्यांचं. त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. टिळक तेव्हा तुरुंगात होते. वऱ्हाडातल्या वकील मंडळींनी देशाच्या राजकारणात मोठं नाव मिळवलं. कास्तकार मात्र त्या मांडवाच्या बाहेरच होता.

त्याला आत आणण्याचं काम पुढच्या पिढीने केलं. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेतून शिकून आले. १९२७ मध्ये ते अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं यासाठी उभे राहिले, १९३० मध्ये प्रांताच्या सरकारात मंत्री झाले, आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली. आबाजी म्हणत, "पोट्टं शिकलं तं काटा वाचता येईन." माझे वडील याच एका वाक्यावर शाळेत गेले.

स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ८ ऑगस्ट १९४७ ला, अकोला करार झाला. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांनी एका प्रांतात कसं नांदायचं, याचा तो करार. अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणींनी पुढे वेगळ्या विदर्भाचा झेंडा धरला. १९५३ मध्ये नागपूर करार झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र. गावच्या पारावर यावर दोन तट होते. वाद मात्र शेवटी एकाच प्रश्नावर येई: "राज्य कोन्तंबी व्हवो, कापसाचं काय?"

या प्रश्नाची सरकारी उत्तरं आली ती सत्तरच्या दशकात. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. काटा सरकारच्या हाती आला. भावाची हमी मिळाली, पण चुकाऱ्यांची वाट पाहणं नशिबी आलं. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात सावतराम मिलही होती. आमचे एक काका गिरणीत साच्यावर होते. शेतातला एक भाऊ आणि गिरणीतला एक भाऊ, अशी कितीतरी घरं आमच्या भागात होती. दुष्काळात गिरणीच्या पगारावर गावचं बियाणं येई. सुगीत गावची ज्वारी काकांच्या खोलीवर जाई. गिरण्या बंद पडल्या तेव्हा अशा घरांचा एक पाय गेला. शहरातल्या लोकांना वाटलं नुसते कामगार बेकार झाले. गावात त्याची झळ किती पोचली, हे कुठल्या नोंदीत सापडत नाही.

आज बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, आकडा सगळ्यांना दिसतो. कापूस मात्र पूर्वीसारखाच गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. साचेवाले, हमाल, मापारी यांतले काही म्हातारे अजून आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असा कोणी असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याचं ऐकून लिहून ठेवा. करारांचे कागद सरकारदरबारी जपलेले आहेत, या माणसांचं बोलणं कोणी जपलेलं नाही.