प्राणवायूचे दुसरे रूप

आपल्या भाषेने ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हटले आणि त्याच्याविषयी शंका घेण्याचा प्रश्नच मिटवून टाकला. त्याच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या जोसेफ प्रीस्टली यांना मात्र १७७५ सालीच शंका आली होती : या वायूत मेणबत्ती भराभर जळून संपते, तसे माणसाचे आयुष्यही संपेल की काय?

शंभर वर्षांनी, १८७८ मध्ये, फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी या शंकेला प्रयोगाचा आधार दिला. उच्च दाबाच्या प्राणवायूत ठेवलेल्या प्राण्यांना अपस्मारासारखी आकडी येई. दोष निव्वळ दाबाचा नसून दाबाबरोबर वाढलेल्या प्राणवायूचा आहे, हे त्यांनी दाखवले.

माणसाची मर्यादा कळायला मात्र माणसांनाच झटके सोसावे लागले. १९३९ साली 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण दगावले. त्यानंतर जे. बी. एस. हाल्डेन यांनी बंद दाबकोठडीत स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग केले. आकडीत त्यांच्या पाठीला झालेली इजा वर्षभरानंतरही दुखत होती. पुढे १९४२ ते १९४५ या काळात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांवर चाचण्या घेतल्या. बुडबुड्यांनी शत्रूला सुगावा लागू नये, म्हणून हे लोक शुद्ध प्राणवायूवर श्वास घेत. एकाच माणसाला एकाच खोलीवर, सुमारे २१ मीटरांवर, पुन्हापुन्हा उतरवले, तेव्हा लक्षणे कधी ७ मिनिटांत दिसली, तर कधी १४८ मिनिटांनी! तळाशी दबा धरून बसलेल्या या संकटाला पाणबुडे 'ऑक्सिजन पीट' म्हणत. डोनाल्ड यांनी शुद्ध प्राणवायूसाठी २५ फुटांची, म्हणजे जेमतेम ८ मीटरांची मर्यादा सुचवली.

कारणाचा धागा १९५४ मध्ये रेबेका गेर्शमान आणि सहकाऱ्यांनी दिला : अतिरिक्त प्राणवायूतून पेशींना इजा करणारे मुक्त मूलक निर्माण होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावून त्याचा पुरवठा रोखतात. हा बांध फुटला की रक्तप्रवाह वाढतो आणि आकडी जवळ येते. चेतापेशींना आवर घालणारे 'गाबा' हे द्रव्यही घटते.

आजच्या उपचारकोठडीत रुग्णाला मधूनमधून साधी हवा देतात ती यासाठीच. प्राणवायू कमी केला की आकडी बहुधा थांबते आणि मागे कायमची इजा राहत नाही. पाण्याखाली मात्र तीच आकडी बुडवून मारते. म्हणूनच ही मर्यादा माणसाच्या सरासरी ताकदीवर आखून चालत नाही. त्या ७ मिनिटांच्या दिवसावरच ती आखावी लागते.