परक्याची लिपी, घरची भाषा

व्हिएतनामी भाषेत ‘मा’ हा एकच उच्चार सुराच्या चढउताराप्रमाणे सहा निरनिराळे शब्द होतो : भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप. ही भाषा लिहिली जाते रोमन लिपीत. त्यासाठी अक्षरांना कुठे टोपी, कुठे शेपटी, कुठे पायाशी टिंब द्यावे लागते. लिपीचे नाव ‘क्वोक ङू’, म्हणजे राष्ट्रभाषा. (आपल्याकडे मुले ‘ङ’ नुसता घोकतात, तिकडे तो शब्दाच्या आरंभी येतो आणि रोज राबतो.) परक्यांनी आणलेली लिपी राष्ट्राची कशी झाली, ही हकीकत दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचण्याजोगी आहे.

दहाव्या शतकापर्यंत सुमारे हजार वर्षे या देशावर चीनची सत्ता होती. ती गेली, पण दरबार, परीक्षा आणि पांडित्य चिनी लिपीतच राहिले. बोलभाषेसाठी त्याच चित्राक्षरांतून ‘नोम’ लिपी घडवली गेली. ङुयेन झू याचे ‘कियू’ हे महाकाव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोममध्येच लिहिले गेले. परंतु नोम वाचायला आधी चिनी यावी लागे. म्हणजे काव्य लोकांच्या तोंडी आणि अक्षर पंडितांच्या हाती!

सतराव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर जेझुइट पाद्री तेथे पोचले. फ्रान्सिस्को द पिना आणि त्याचे सोबती सूर ऐकून रोमन अक्षरांना खुणा लावू लागले. पुढे अलेक्झांडर द ऱ्होड याने १६५१ साली रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापला. हा ऱ्होड पूर्वेकडे जाताना १६१९ पासून दोन-अडीच वर्षे गोव्यात व साष्टीत राहिला होता. त्याच साष्टीत राशोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापले गेले होते. एकाच पंथाच्या पाद्र्यांनी दोन भाषांना एकच अंगरखा शिवला. मराठीने तो पुढे टाकला, कारण तिच्याजवळ तिची लिपी होती. व्हिएतनामीने ठेवला.

ठेवला, पण लगेच नाही. दोनशे वर्षे ही लिपी चर्चच्या आवाराबाहेर फारशी पडली नाही. १८५९ मध्ये फ्रेंचांनी सायगॉन घेतले आणि १८६५ मध्ये ‘झा दिन्ह बाव’ हे या लिपीतले पहिले वृत्तपत्र सरकारी खर्चाने निघाले. चिनी वाचणारे पंडित बंडाचे मूळ, तेव्हा त्यांची लिपीच निकामी करावी, असा सत्ताधाऱ्यांचा हिशेब होता. साहजिकच स्वाभिमानी माणसे या अक्षरांकडे पाठ फिरवीत. त्रुओंग विन्ह की यांनी १८६९ पासून ते पत्र चालवले आणि १८७५ मध्ये ‘कियू’ रोमन लिपीत छापले. त्यांना कोणी फ्रेंचांचा हस्तक म्हणोत. दुभाष्याच्या वाट्याला हा संशय नेहमीच येतो. ‘कियू’ घराघरांत वाचता यावे, याची वाट मात्र त्यांनी पाडली, असे माझे मत आहे.

पारडे फिरले १९०७ मध्ये. हनोईत चिनी विद्येत मुरलेल्या पंडितांनीच ‘डोंग किन्ह’ ही विनामूल्य शाळा काढून क्वोक ङू शिकवायला घेतली. फ्रेंचांना धोका तत्काळ कळला. वर्षाच्या आतच शाळा बंद पाडली गेली. आपलेच हत्यार आपल्यावर उगारले गेलेले त्यांना दिसले होते. १९१९ मध्ये चिनी विद्येची शेवटची राजपरीक्षा झाली. १९४५ च्या २ सप्टेंबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि सहाच दिवसांत साक्षरतेचे फर्मान निघाले. दिवे लावून रात्रीचे वर्ग भरले. बाजाराच्या वाटेवर फळ्यावरचा शब्द वाचता आला तर सरळ आत; न आल्यास ‘आंधळ्यांच्या दारा’तून जावे लागे. शिक्षक म्हणून मला ही दुसऱ्या दाराची युक्ती रुचत नाही. पण चित्राक्षरांना वर्षे लागत, तिथे शेतकऱ्याची बायको काही महिन्यांत वाचू लागली, हेही खरे.

याची किंमत पडलीच. गावच्या देवळावरची पाटी, पणजोबांचा कागद, थडग्यावरचे नाव आज बहुतेकांना वाचता येत नाही. शाळांतून मोडी गेल्यावर जुने दस्तऐवज हाती आले की आपली अवस्था तीच होते. निदान पोथी तरी आपल्याला वाचता येते.

खुणांचा प्रश्न पुढे यंत्रांनीही विचारला. तारेत टोप्या-शेपट्या जात नसत, म्हणून सोय काढली गेली : ‘ए’ दोनदा म्हणजे टोपीवाला, शेवटी ‘एस’ म्हणजे चढता सूर, ‘एफ’ म्हणजे उतरता. १९९७ साली देश इंटरनेटला जोडला गेला. संगणकावर आणि मोबाइलवर लोक आजही याच तारेच्या रीतीने टंकतात, तिचे नावच ‘टेलेक्स’. मोबाइल संदेशात खुणा घातल्या तर १६० ऐवजी ७० च अक्षरे मावत. म्हणून पुष्कळ जण त्या गाळत, आणि भूत की आई हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे!

टेट या त्यांच्या नववर्षाला हनोईच्या वाङ्मय-मंदिराबाहेर तांबड्या कागदांचे गठ्ठे घेऊन सुलेखनकार बसतात. कुणी चिनी अक्षर मागते, कुणी क्वोक ङूतला शब्द. दोन्ही एकाच कुंचल्याने लिहिले जातात. चिनी अक्षर घेणारा बहुधा आधी त्याचा अर्थ विचारतो, मग शाई वाळेपर्यंत कागद जपून हातात धरून उभा राहतो.