एका पेन्शनर हवालदाराचा अर्ज

भोरहून वरंध घाट उतरून बिरवाडीच्या वाटेनें महाडास जाणाऱ्या प्रवाशास चवदार तळ्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १९२७ च्या सत्याग्रहानें महाडचें नांव इतिहासांत कायमचें झालें. परंतु त्यापूर्वीं तेहतीस वर्षें याच मुलुखांतील एका गृहस्थानें नोकरीच्या हक्काचा प्रश्न सरकारापुढें मांडण्याचा उद्योग केला होता. त्याची हकीकत सुशिक्षित घरांतून क्वचितच निघते. म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोपाळ बाबा वलंगकर हे महाडनजीकच्या रावढळचे. पलटणींत हवालदार होऊन १८८६ सालीं त्यांनीं पेन्शन घेतलें व दापोलीस वास्तव्य केलें. कंपनीच्या मुंबई लष्करांत महार शिपायांचा भरणा मोठा होता. कोरेगांवच्या जयस्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाचीं जीं नांवें कोरलेलीं आहेत, तीं त्याची साक्ष देतात. पलटणींत पगार होता, पेन्शन होतें आणि मुलांस अक्षरओळख करून देणारी शाळाहि होती. गांवांत जें कोठेंच मिळत नव्हतें, तें येथें मिळत असे. पुढें ‘लढवय्या जाती’ कोणत्या याचा एक सिद्धांत लष्करी अधिकाऱ्यांत मान्य झाला आणि १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत महारांची भरती बंद पडली. ज्यांच्या पराक्रमाचा स्तंभ सरकारनेंच उभारला, त्यांचे वंशज सरकारच्याच दृष्टीनें लढण्यास अपात्र ठरले!

याविरुद्ध वलंगकरांनीं १८९४ सालीं लष्कराच्या सरसेनापतीस उद्देशून अर्ज तयार केला. आपले पूर्वज क्षत्रिय होते, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा. आजच्या वाचकास तो विचित्र वाटेल. पूर्वज कोणीहि असोत, शिपाई व्हावयास त्याचें काय प्रयोजन? परंतु दोष अर्जदाराचा नव्हे. सरकारनें अपात्रता वंशावरून ठरविली, म्हणून पात्रताहि वंशावरूनच सिद्ध करणें त्यांस भाग पडलें. भरती मात्र बंदच राहिली. पहिल्या महायुद्धांत माणसांची टंचाई पडली तेव्हां, १९१७ सालीं, महारांची पलटण उभारण्यांत आली. १९२१ सालीं ती मोडली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, बेळगांवीं महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गरज सरो आणि वैद्य मरो, या न्यायाचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पलटण बंद झाल्यावर उरल्या दोन वाटा. एक मुंबईची गिरणी. तेथें विणकामाच्या खात्यांत मजुरी अधिक. पण धोट्यांतून सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा इतर विणकरांस चालत नसे. त्यामुळें तें खातें अस्पृश्यांस बंद. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें मांडला. दुसरी वाट गांवच्या वतनाची. येथें दार बंद नव्हतें. उलट आंत शिरलेल्यास बाहेर पडतां येत नव्हतें. तुटपुंजी इनाम जमीन व बलुतें यांच्या बदल्यांत सबंध कुटुंबानें सरकारचीं व गांवचीं कामें करावयाचीं. हें जोखड सैल करण्यासाठीं आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत बिल आणलें. कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा मात्र १९५८ सालचा.

त्याच १९५८ सालीं जिनिव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें नोकरी व धंदा यांतील भेदभावाविरुद्ध करार संमत केला आणि १९६० सालीं भारतानें त्यास मान्यता दिली. त्यांतील कलमें वाचतांना आम्हांस वारंवार रावढळच्या हवालदाराचें स्मरण झालें. जी नोकरी सरकारच्या हातची आहे, तिच्यांत समतेचें धोरण सरकारनें स्वतः पाळावें, असें एक कलम सांगतें. वलंगकरांचें मागणें तरी दुसरें काय होतें? धंद्याचें शिक्षण, नोकरींतील प्रवेश व नोकरीच्या शर्ती या तिन्ही ठिकाणीं संधि समान असावी, असें करार म्हणतो. गिरणीचें विणखातें त्यांत आलें.

आमच्या राज्यघटनेनें सरकारी नोकरींत समान संधि दिली आणि १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यतेच्या सबबीवर कोणास धंद्यांत आडकाठी करणें हा गुन्हा ठरविला. हें थोडें नव्हे. परंतु गुन्ह्याची शिक्षा फिर्यादीनंतरची. ज्याला दारावरून परत पाठविलें, त्यास कारण कोण सांगतो? म्हणून सरकारचें कर्तव्य फिर्यादीची वाट पाहण्यानें संपत नाहीं. कोणत्या खात्यांत कोण आहे आणि कोण मुळींच नाहीं, हें सरकारनें आपण होऊन पाहावें, आणि प्रथम आपल्याच कचेरीपासून पाहावें. अर्ज लिहिण्याचा भार हवालदारावरच कां पडावा?