निवडणुकीच्या कारभारात स्त्री : मतदारयादी ते आयुक्तपद

लोकशाहीतील स्त्रियांचा वाटा आपण बहुधा निवडून आलेल्या उमेदवारांवरून मोजतो. परंतु याद्या तयार करणे, मतदान केंद्रे चालविणे, मतमोजणी करून निकाल जाहीर करणे, हाही फार मोठा कारभार आहे. त्यात स्त्रीचे स्थान काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबई इलाख्यात १९२१ साली स्त्रियांना कायदेमंडळासाठी मताधिकार मिळाला. पण मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्याच जणींच्या वाट्यास आला. स्वतंत्र भारताच्या घटनेने तो प्रत्येक प्रौढ स्त्रीला दिला. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आदी प्रांतांत परपुरुषाला नाव सांगण्याची रीत नव्हती. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची मुलगी' एवढीच नोंद होई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती मान्य केली नाही. नाव विचारायला दारात एखादी स्त्री आली असती, तर त्यांतील कित्येक नावे वाचली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे १९६१ च्या निवडणूक नियमांत स्त्री मतदारांच्या मदतीसाठी केंद्रावर स्त्री सेविका नेमण्याची तरतूद झाली. पडदा पाळणाऱ्या भगिनींची ओळख स्त्री कर्मचाऱ्याने पटवावी, ही व्यवस्थाही रूढ झाली. म्हणजेच केंद्रावर स्त्री अधिकारी असणे ही शोभेची बाब नसून, मतदानाचा हक्क अब्रूने बजावता येण्याची ती अट आहे. अलीकडे तर संपूर्णपणे स्त्रियांनी चालविलेली मतदान केंद्रेही उभारली जातात.

वरच्या पायरीवर मात्र गर्दी विरळ आहे. श्रीमती व्ही. एस. रमादेवी या देशाच्या पहिल्या महिला मुख्य निवडणूक आयुक्त. पण त्यांची कारकीर्द नोव्हेंबर-डिसेंबर १९९० मधील अवघ्या काही दिवसांची. महाराष्ट्रात श्रीमती नीला सत्यनारायण २००९ साली पहिल्या महिला राज्य निवडणूक आयुक्त झाल्या. २०१२ साली मुंबईसह अनेक महानगरपालिकांच्या निवडणुका त्यांच्या देखरेखीखाली पार पडल्या. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवण्याचा कायदा नुकताच, म्हणजे २०११ साली झाला होता.

आपल्या पनवेलची महानगरपालिका २०१६ साली अस्तित्वात आली आणि २०१७ च्या पहिल्या निवडणुकीनंतर पहिल्या महापौरपदी स्त्रीच विराजमान झाली. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु नगरसेविका होण्यास मते लागतात. निवडणूक निर्णय अधिकारी होण्यास उपजिल्हाधिकारी, तहसीलदार अशा पदांवर पोहोचावे लागते, आणि त्या पदांची वाट पदवी व स्पर्धा परीक्षांतून जाते.

पालकहो, मुलगी दहावी झाली की शिक्षण पुरे, असा विचार मनात आला तर त्या २८ लाख नावांची आठवण ठेवा. आणि विद्यार्थिनींनो, यादीत तुमचे नाव असेलच. ती यादी तपासून तिच्यावर सही करणारा हातही तुमचा असावा, हीच सदिच्छा!