पावलांचा माग: मुलांच्या डिटेक्टिव्ह-खेळाची कुळकथा

डिटेक्टिव्ह व्हायचे ठरवले की कुठलेही मूल आधी जमिनीकडे वाकते. भिंग असले तर ते डोळ्याला लावते, नसले तर मुठीची पुंगळी करते आणि चिखलातला, धुळीतला, फरशीवरचा पावलाचा ठसा शोधू लागते. हे त्याला कोणी शिकवले असे विचारले, तर बहुतेक जण शेरलॉक होम्सचे नाव घेतील. या खेळाचे बाकीचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. 1841 मध्ये एडगर अ‍ॅलन पोने बुद्धीने कोडे सोडवणारा द्यूपँ उभा केला, 1886 मध्ये मेलबर्नमध्ये फर्गस ह्यूमची ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ आली, 1887 मध्ये होम्स अवतरला. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी लावलेल्या वर्गवारीवर ते चालले, आणि म्हणून आज मुलांच्या डिटेक्टिव्ह-संचात पावडरीची डबी असते. पण वाकून पाऊल वाचण्याची जी मूळ क्रिया आहे, तिचा उगम लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शोधणे चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. तिची एक ठळक वाट ऑस्ट्रेलियाच्या झाडीतून येते, आणि त्या वाटेचा खुणेचा दगड खुद्द होम्सच्याच एका कथेत पडलेला आहे.

ही कथा म्हणजे ऑक्टोबर 1891 च्या ‘स्ट्रँड’ मासिकातली ‘द बॉस्कोम व्हॅली मिस्टरी’. इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यात एका तळ्याकाठी मॅकार्थी नावाच्या माणसाचा खून होतो आणि संशय त्याच्या मुलावर येतो. होम्स जमिनीचा खरा माग काढतो अशा कथांत हिचा क्रम पहिला लागावा. इतरांनी तिथे आधीच येऊन जमीन तुडवली म्हणून तो चिडतो, मग पालथा पडून ओली माती वाचत जातो. मुलाची पावले तीनदा उमटली आहेत, दोनदा चालताना आणि एकदा धावताना, कारण तिथे चवडे खोल रुतले आहेत आणि टाचा जेमतेम दिसतात. म्हणजे वडील पडलेले पाहून मी धावलो, हे मुलाचे सांगणे खरे. बापाच्या येरझाऱ्या वेगळ्या दिसतात, बंदुकीचा दस्ता टेकल्याची खूण वेगळी. मग चौकोनी बुटांची, चवड्यांवर चाललेली तिसरीच पावले सापडतात, आणि त्यांतले उजवे पाऊल सतत फिके उमटल्यामुळे तो माणूस लंगडा ठरतो. हे सगळे झाल्यावर उरते ती एक हाक. खुनाच्या थोडे आधी बापाने ‘कू-ई’ अशी साद घातलेली मुलाने ऐकली होती. मुलगा त्या वेळी ब्रिस्टलला आहे अशी बापाची समजूत, म्हणजे साद दुसऱ्या कोणाला होती. आणि ही साद ऑस्ट्रेलियात वावरलेली माणसेच एकमेकांना घालतात. होम्स तारेने व्हिक्टोरिया वसाहतीचा नकाशा मागवतो आणि मरणाऱ्याच्या तोंडच्या अर्धवट उच्चारात बॅलरॅट हे सोन्याच्या खाणींचे गाव ओळखतो. पावलांचे इतके बारीक वाचन आणि ऑस्ट्रेलियाची हाक एकाच कथेत शेजारी शेजारी यावीत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ही साद मुळात सिडनीभोवतालच्या धारुग लोकांची. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ती उचलली ती झाडीत एकमेकांना गाठण्यासाठी, आणि त्याच झाडीत हरवलेल्यांची पावले वाचण्यासाठी त्यांना आदिवासी माणसांकडेच जावे लागे. हाक आणि माग या दोन गोष्टी वसाहतीच्या जगात जोडीनेच नांदत होत्या. लेखकाने एक उचलली की दुसरी आपोआप हाताला लागणार.

ही जोडी इंग्रजी वाचकांच्या मनात कशी बसली हे पाहायचे तर 1864 सालच्या ऑगस्टमध्ये जावे लागते. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला, नॅटिमुकजवळ, नऊ वर्षांचा आयझॅक, सात वर्षांची जेन आणि चार वर्षांचाही न झालेला फ्रँक अशी तीन भावंडे झाडण्यांसाठी झुडपे तोडायला गेली आणि वाट चुकली. गोऱ्यांच्या शोधपथकांना यश आले नाही, पावसाने खुणा पुसल्या. शेवटी आदिवासी माग काढणारे बोलावले गेले. त्यांत यँगेनजिनानयुक होता, ज्याला गोरे लोक ‘डिक-ए-डिक’ म्हणत. मोडलेली काडी, दबलेले गवत, अर्धवट ठसा यांवरून ते नुसती दिशा सांगत नव्हते, मुलांचे दिवस सांगत होते: इथे धाकटा थकला, इथे बसला, इथून पुढे थोरल्याने त्याला उचलून घेतले. नवव्या दिवशी तिन्ही मुले जिवंत सापडली. रात्री धाकट्या भावाला आपल्या झग्यात गुंडाळणारी जेन वसाहतभर प्रसिद्ध झाली, आणि तिची गोष्ट पुढे व्हिक्टोरियाच्या शाळकरी वाचनपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. चित्रकार विल्यम स्ट्रट याने 1876 मध्ये मुलांसाठी याच घटनेवर सचित्र गोष्ट लिहिली आणि तिच्या नावात पहिला शब्द ठेवला तो ‘कू-ई’. हस्तलिखित छापले गेले 1989 मध्ये, त्यामुळे होम्सचा लेखक डॉइल याने ते वाचले असण्याचा प्रश्नच नाही. पण होम्सच्या बॉस्कोम कथेच्या पंधरा वर्षे आधी लहान मुलांच्या कथेत ही हाक आणि हे माग काढणारे एकत्र बांधले गेले होते, हे त्यावरून सिद्ध होते. यँगेनजिनानयुक स्वतः तर 1868 मध्ये इंग्लंडला गेला, ऑस्ट्रेलियातून तिथे गेलेल्या पहिल्याच क्रिकेट संघाबरोबर. लोक त्याच्यावर चेंडू फेकत आणि तो ढाल नि सोट्याने ते चुकवी, हा त्याचा खेळ पाहायला गर्दी लोटत असे. ज्याने तीन मुलांचे प्राण केवळ जमीन वाचून वाचवले, तो माणूस इंग्लंडने चेंडू चुकवणारा म्हणून पाहिला, ही गोष्ट आजही लागते.

आता मुख्य आक्षेप. हरवलेल्या मुलांचा शोध हे मोठ्यांचे काम. त्यावरून मुलांच्या खेळाची कुळी कशी सांगता येईल? उत्तर असे की ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत हे काम मुळात खेळातूनच शिकले जाई. वाळूचा तुकडा हाताने साफ करायचा आणि बोटांनी, तळव्याने, मुठीच्या कडेने त्यावर प्राण्यांचे ठसे उमटवायचे. तीन बोटे फाकवून ओढली की एमूचे पाऊल, बोटांच्या अग्रांनी टिंबे दिली की डिंगो, दोन लांब ठशांच्या मधून शेपटीची रेघ ओढली की कांगारू. मिटलेल्या मुठीची कड टेकवून वर पाच टिंबे दिली की तान्ह्या बाळाचे पाऊल. एकाने उमटवायचे, दुसऱ्याने ओळखायचे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या लोकांवर स्पेन्सर आणि गिलेन यांनी 1899 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिथला माणूस आपल्या ओळखीच्या प्रत्येकाचे पाऊल ओळखतो असे नोंदले आहे. उत्तर क्वीन्सलंडमधल्या खेळांवर वॉल्टर रॉथने 1902 मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली आणि खेळांचे सात वर्ग पाडले. त्यांत फेकण्याचे आणि नकलेचे खेळ तर आहेतच, पण लपाछपी आणि ओळखाओळखीचे खेळ त्याने वेगळ्या वर्गात घातले, ज्यात भेद हेरण्याची कसोटी लागते. माझ्या मते डिटेक्टिव्ह-खेळाची ही सगळ्यांत स्वच्छ जुनी नोंद आहे. गुन्हा नाही, चोर नाही, वकील नाही. खूण पाहायची आणि करणारा ओळखायचा, एवढाच गाभा.

प्रतिस्पर्धी मते हलकी नाहीत. व्होल्तेरच्या 1747 च्या ‘झादिग’मध्ये नायक न पाहिलेल्या घोड्याचे आणि कुत्रीचे वर्णन नुसत्या खुणांवरून करतो. त्यामागे सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांची पौर्वात्य कथा आहे, ज्यात हरवलेला उंट एका डोळ्याने आंधळा, एका पायाने लंगडा आणि दात पडलेला असल्याचे राजपुत्र सांगतात. फेनिमोर कूपरच्या ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’ने 1826 मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा माग युरोपभर नेला. आणि बेडन-पॉवेलने 1908 च्या स्काउटिंगच्या पुस्तकात माग काढणे हा मुलांचा रीतसर अभ्यास केला, होम्स वाचायची शिफारस केली, बुटाला बांधून हरणाचे ठसे उमटवणाऱ्या लोखंडी खुरांचा खेळही सांगितला. स्काउटिंगमुळे हा खेळ जगभर गेला हे मी मान्य करतो. पण झादिग आणि राजपुत्र यांच्या कथांत वाचणारा शहाणा एकटा असतो आणि बाकीचे तोंडात बोट घालतात. त्यांत खेळाडू दोन नाहीत. कूपरकडे माग युद्धाचा आहे. बेडन-पॉवेलच्या लोखंडी खुरांत मात्र एक जण खूण उमटवतो आणि दुसरा वाचतो, अगदी वाळूवरच्या खेळासारखे. साधन लोखंडाचे झाले, खेळाची रीत तीच राहिली. डॉइल ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा गेला 1920 मध्ये, हा आक्षेप खरा आहे. पण बॉस्कोमची कथाच दाखवते की वसाहतीतून परतलेल्या माणसांच्या तोंडून आलेला माल 1891 मध्ये त्याच्या हाताशी होता. पुढे 1929 मध्ये आर्थर अपफिल्डने आदिवासी आईचा मुलगा असलेला ‘बोनी’ हा डिटेक्टिव्ह निर्माण केला, तेव्हा माग काढणारा आणि गुप्त पोलीस ही दोन माणसे अखेर एकाच अंगरख्यात आली.

मराठी वाचक इथे विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे: माग काढणारे आपल्याकडे नव्हते का? होते, आणि कायद्याच्या बळावर होते. पेशवाईच्या अखेरीला इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावगाड्याचे वर्णन केले आहे. गावात चोरी झाली की रामोशी किंवा भिल्ल राखणदाराने पावलांचा माग काढत जायचे. माग शिवेपलीकडे गेल्याचे पुढच्या गावाच्या राखणदाराला पटवून दिले की याची जबाबदारी संपली, नाहीतर नुकसान भरून द्यायचे. इतकी पक्की विद्या असून आपल्या मुलांच्या खेळात ती उतरली नाही. चोर-शिपाईत धावायचे नि पकडायचे. राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्यांत शिपायाने समोरच्याचा चेहरा वाचायचा. जमीन कोणीच वाचत नाही. याचे कारण माझ्या मते असे, की इंग्रजी राज्यात हे राखणदार आपले काम गमावून संशयित ठरले. रामोशी आज विमुक्त जमातींच्या यादीत आहेत यातच तो इतिहास आला. ज्यांना पोलीस हजेरीला बोलावत, त्यांची नक्कल गावातली मुले कौतुकाने करणार नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर अन्याय कमी झाला नाही, त्यांची जमीन गेली. पण माग काढणारा तिथे पोलिसांच्या पथकात राहिला आणि वर्तमानपत्रात छापून आला. डब्बो इथला अ‍ॅलेक रायली हा माग काढणारा 1911 पासून 1950 पर्यंत न्यू साउथ वेल्स पोलिसांत होता आणि 1943 मध्ये त्याला राजाचे पोलीस पदक मिळाले. मराठीत मुलांना वाकून जमीन पाहायला लावली ती पुस्तकांनी, विशेषतः भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने. फुरसुंगीहून आलेल्या या पोराकडे नजर होती, सायकल होती आणि धाडस होते.

म्हणून मेलबर्न-सिडनीच्या किंवा पुण्याच्या मुलांना हा खेळ द्यायचा तर प्लॅस्टिकच्या भिंगाआधी वाळू द्यावी, आणि आपल्या चिठ्ठ्या तिला जोडाव्यात. चौघांनी राजा, राणी, चोर, शिपाई अशा चिठ्ठ्या उचलायच्या. शिपायाने आपली चिठ्ठी दाखवून पाठ करायची आणि बाकी तिघांनी एकेक करून साफ केलेल्या वाळूवरून अनवाणी जायचे. चोराने काहीतरी उचलून न्यायचे, म्हणजे जड पाण्याची बाटली किंवा दप्तर. मग शिपायाने चेहरे न पाहता ठसे पाहायचे: कोणाची टाच खोल गेली, कोणाचे अंतर आखडले, कोण वळताना चवड्यावर आला. चोर ओळखला तरी त्याने कारण सांगितल्याशिवाय गुण द्यायचा नाही. वाळू किंचित ओली हवी, कोरडीत कड ढासळते. आणि खेळ सकाळी किंवा उन्हे कलल्यावर मांडावा, कारण तिरप्या उजेडात ठशाच्या कडेची सावली पडते आणि दुपारी तेच पाऊल दिसेनासे होते.